पंचवीस पेन्स मिळतात, उरलेल्या वीसचं काय?

लेस्टरहून एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात तो असा: "मी होम केअरमध्ये काम करते. दिवसाला आठ-नऊ घरी जावं लागतं, गाडी माझी स्वतःची. कंपनी मैलाला २५ पेन्स देते. २०२४-२५ मध्ये कामाचे ६,४०० मैल झाले. बरोबरीच्या मुली म्हणतात, सरकारी दर ४५ पेन्स आहे आणि उरलेले २० पेन्स एचएमआरसीकडून (इथल्या कर खात्याकडून) मिळतात. म्हणजे मला १,२८० पौंड मिळायला हवेत ना? आम्ही व्हिसावर आहोत, असं काही मागितलं तर पुढे अडचण नाही ना येणार? आणि माझे मिस्टर आयटीत आहेत. त्यांचं ऑफिस नॉटिंगहॅमला आहे, पण आठवड्यातून दोन दिवस ते डर्बीला क्लायंटकडे गाडीने जातात. त्यांनाही मिळेल का?"

व्हिसाचं आधी सांगते, कारण त्या भीतीपायी हक्काचे पैसे सोडून देणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहतेय. तुमच्या व्हिसावर 'पब्लिक फंड्स' घेता येणार नाहीत, अशी अट असते. पब्लिक फंड्स म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, चाइल्ड बेनिफिट यांसारखे सरकारी भत्ते. कामासाठी केलेल्या खर्चावर करसवलत मागणं त्यात येत नाही. ते पैसे तुमचेच आहेत, पगारातून गरजेपेक्षा जास्त कापले गेलेले. तुमच्या शेजारी बसणारी इथे जन्मलेली मुलगी जो दावा करते, तोच तुम्ही करताय. बिनधास्त करा. फक्त आकडे खरे द्या. न केलेले मैल लिहिले तर मात्र व्हिसा असो वा पासपोर्ट, अडचण येणारच.

आता गणित. ६,४०० मैलांना ४५ पेन्सने २,८८० पौंड होतात. कंपनीने २५ पेन्सने दिले १,६००. फरक १,२८० पौंड. इथपर्यंत मैत्रिणींचा हिशेब बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. एचएमआरसी हा फरक तुमच्या हातात देत नाही. तो तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा करते आणि तेवढ्या रकमेवर तुम्ही जो कर भरला होता, तो परत देते. तुमचा पगार २० टक्क्यांच्या पट्ट्यात आहे, असं धरलं तर १,२८० चे २० टक्के म्हणजे २५६ पौंड. ४० टक्क्यांच्या पट्ट्यातल्या माणसाला याच मैलांवर ५१२ पौंड मिळाले असते. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांचे पट्टे वेगळे आहेत, त्यांनी आपल्या दराने हिशेब करावा.

१,२८० ची आशा लावून बसलेल्या माणसाला २५६ ऐकून वाईट वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण चार वर्षांचे मिळून हजाराच्या घरात जातात. सोडायची रक्कम नाही ही.

एक मर्यादा लक्षात ठेवा. जेवढा कर भरलाय, त्याहून जास्त परत येत नाही. वर्षाचं उत्पन्न १२,५७० पौंडांच्या आत असेल तर करच नसतो, म्हणून परतावाही नसतो. मुलं लहान म्हणून कमी तास करणाऱ्या एखादीचे वर्षाला १३,००० पौंड होत असतील, तर तिने वरच्या ४३० पौंडांवर ८६ पौंड कर भरलेला असतो. तिचा फरक १,२८० असला तरी तिला ८६ च मिळतील. नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पेन्शन-भत्त्यांसाठी पगारातून वेगळ्या कापल्या जाणाऱ्या वर्गणीचा, यात संबंध नाही. त्यातलं काही परत येत नाही.

या सवलतीला मायलेज अलाउन्स रिलीफ म्हणतात. २००३ च्या इन्कम टॅक्स (अर्निंग्ज अँड पेन्शन्स) ॲक्टच्या कलम २२९ ते २३६ मध्ये ती आहे. गाडीला किंवा व्हॅनला वर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांसाठी ४५ पेन्स, त्यापुढे २५ पेन्स. मोटारसायकलला २४, सायकलला २०. हो, सायकललाही. लंडनमध्ये सायकलवर पेशंट पाहत फिरणाऱ्या नर्सेस आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकींना हे माहीत नसतं. गाडी पेट्रोलची, डिझेलची की विजेची, याने दर बदलत नाही. तुमच्या नावावर असायलाही हवी असं नाही. मिस्टरांची गाडी घेऊन तुम्ही कामाला गेलात तरी ते मैल तुमचेच.

हा ४५ पेन्सचा दर ६ एप्रिल २०११ ला लागू झाला. त्याआधी २००२ पासून तो ४० होता. २०११ नंतर विमा, टायर, सर्व्हिसिंग सगळं महागलं, पण २०२४-२५ च्या हिशेबातही दर तोच आहे. केअर वर्कर आणि कम्युनिटी नर्स, ज्यांची गाडी म्हणजेच कामाचं हत्यार, त्यांच्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. पण हिशेब आजच्या कायद्यानेच करावा लागतो.

आपल्याकडून आलेल्या माणसाला इथे एक सवय सोडावी लागते. पुण्या-मुंबईच्या नोकरीत कन्व्हेयन्ससाठी पेट्रोल पंपाच्या पावत्या गोळा करून अकाउंट्सला द्यायची सवय असते. इथे माझ्याकडे लोक पावत्यांनी भरलेली पिशवी घेऊन येतात. या दाव्यासाठी त्या पावत्या लागत नाहीत. ४५ पेन्समध्ये पेट्रोल, विमा, रोड टॅक्स, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), दुरुस्ती, गाडीची घटलेली किंमत, सगळं धरलेलं आहे. त्यातलं वेगळं काही मागता येत नाही, गाडीच्या कर्जाचं व्याजही नाही. प्रत्यक्षात मैलाला ६० पेन्स खर्च आला, असं सिद्ध केलंत तरी नोकरदाराला ४५ च. याउलट एखाद्याला ३० च पेन्स खर्च येत असेल तरी त्याला ४५ धरता येतात. कामाच्या फेरीत भरलेलं पार्किंग, टोल, लंडनचा कंजेशन चार्ज मात्र यात मोडत नाही. तो खर्च कंपनीने दिला नसेल तर वेगळा मागता येतो, आणि त्याच्या पावत्या जरूर ठेवा. पार्किंगचा दंड कधीच मिळत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो तुम्ही विचारलेला नाही: या ६,४०० मैलांपैकी 'कामाचे' मैल किती?

घर ते कामाचं कायमचं ठिकाण आणि परत, हा प्रवास सवलतीत बसत नाही, मग तो दोन मैलांचा असो की साठ. कामाचाच भाग असलेला प्रवास आणि कामासाठी तात्पुरत्या ठिकाणी जाणं, हे बसतं. तुमच्या बाबतीत एका आजोबांच्या घरून दुसऱ्या आजींच्या घरी जाणं हे निर्विवाद कामाचे मैल. त्यावर कुणी वाद घालणार नाही.

वाद होतो तो सकाळच्या पहिल्या आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीवर. इथे तुमचा दिवस कसा सुरू होतो, ते मला कळायला हवं. रोज सकाळी आधी ऑफिसात जाऊन यादी, किल्ल्या, हातमोजे घ्यायचे आणि मग निघायचं, असं असेल तर ते ऑफिस तुमचं कायमचं ठिकाण ठरतं. जिथून काम वाटून दिलं जातं ती जागाही कायमचं ठिकाण होऊ शकते, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. मग घर ते ऑफिस मोजायचं नाही, तिथून पुढचं मोजायचं.

पण आजकाल बहुतेक ठिकाणी यादी फोनवरच्या ॲपमध्ये येते, किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत असते आणि बाई घरातून थेट पहिल्या पेशंटकडे जाते. ऑफिसात पाय पडतो तो महिन्यातून एकदा ट्रेनिंगला. अशा वेळी ऑफिस कायमचं ठिकाण नसतं. तरीही एक मेख उरते. तुमची नोकरी एखाद्या ठरलेल्या भागासाठी असेल, म्हणजे 'लेस्टर शहर' किंवा 'अमुक पोस्टकोड', तर तो अख्खा भागच तुमचं कायमचं ठिकाण धरला जातो. त्या भागातच राहत असाल तर घरातून निघाल्यापासूनचे मैल मोजता येतात. बाहेर राहत असाल, समजा लफबरोला, तर घरापासून त्या भागाच्या सीमेपर्यंतचं अंतर हे कामावर जाणं-येणं झालं. ते वगळायचं, सीमेच्या आतलं मोजायचं. तुमचं कॉन्ट्रॅक्ट काढा आणि 'प्लेस ऑफ वर्क' या मथळ्याखाली काय लिहिलंय ते वाचा. अर्धं उत्तर तिथेच असतं. उरलेलं अर्धं प्रत्यक्षात काय घडतं त्यात.

मधल्या सुट्टीचंही बघा. दुपारी दोन ते चार गॅप असतो म्हणून तुम्ही घरी जेवायला येत असाल तर त्या येण्या-जाण्यावर मी दावा करत नाही, निदान डोळे झाकून तरी नाही. घरी येणं ही तुमची सोय असते, कामाची गरज नसते. काही सल्लागार हे मैल सरसकट घालतात. मला ते पटत नाही. एक कच्चा धागा सापडला की तपासणारा अख्खं कापड उसवून बघतो.

या सगळ्यामागे शंभर वर्षांचे खटले आहेत. १९२६ च्या रिकेट्स विरुद्ध कोल्हून या खटल्यात लंडनचा एक बॅरिस्टर पोर्ट्समथला न्यायदानाचं काम करायला जात असे. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं, तुम्ही लंडनला राहता ही तुमची निवड, त्या प्रवासावर सवलत नाही. मग १९६९ मध्ये डॉ. ओवेन यांचा खटला आला, आणि मायलेजचा विषय निघाला की मला तो आठवतोच. वेल्समधल्या फिशगार्डला त्यांचा दवाखाना. हॅव्हरफर्डवेस्टच्या हॉस्पिटलात तातडीच्या केसेससाठी बोलावणं यायचं, अंतर १५ मैल. हॉस्पिटल मायलेज द्यायचं ते फक्त १० मैलांचं. उरलेल्या ५ मैलांसाठी ते लढले आणि जिंकले, कारण फोन येताक्षणी ते फोनवरच उपचाराच्या सूचना देत. म्हणजे त्यांचं काम घरातूनच सुरू झालेलं होतं. ऑन-कॉल डॉक्टर आजही हा निकाल माझ्यासमोर ठेवतात. त्यांना मला सांगावं लागतं की तो त्या विशिष्ट परिस्थितीपुरता होता. नुसता फोन आला आणि गाडी काढली, एवढ्यावर घर ते हॉस्पिटल हे अंतर कामाचं होत नाही. पण पाच मैलांसाठी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

१०,००० मैलांच्या पुढे जाणाऱ्यांसाठी एक उदाहरण देते, कारण तिथे लोक हमखास चुकतात. समजा १३,५०० मैल झाले आणि कंपनी सरसकट ३० पेन्स देते. पहिल्या १०,००० चे ४,५०० पौंड, पुढच्या ३,५०० चे २५ पेन्सने ८७५, एकूण ५,३७५. कंपनीने दिले ४,०५०. फरक १,३२५, त्याचे २० टक्के २६५ पौंड. शेवटच्या साडेतीन हजार मैलांवर कंपनीचा दर सरकारी दरापेक्षा जास्त आहे, म्हणून ते मैल बाजूला काढून ठेवायचे नाहीत. हिशेब अख्ख्या वर्षाचा, एकत्र. एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) सुरुवातीच्या मैलांना चढा दर आणि नंतरच्यांना कमी, अशी रचना असते. तिथेही हेच सूत्र, वर्षाची बेरीज करूनच बघायचं. वर्ष म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. मध्येच गाडी बदलली तर मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. दोन वेगवेगळ्या मालकांकडे काम करत असाल आणि त्यांचा आपसात संबंध नसेल, तर मात्र प्रत्येक नोकरीचे १०,००० वेगळे.

आणि सहकारी मैत्रिणीला गाडीत घेतलंत तर? कंपनी प्रत्येक सहप्रवाशामागे मैलाला ५ पेन्सपर्यंत करमुक्त देऊ शकते. कंपनीने ते दिले नाहीत तर त्यावर एचएमआरसीकडे काहीच मागता येत नाही. इथे हात टेकावे लागतात.

आता नोंदींकडे येऊ. चांगले दावे फसतात ते इथेच. १४ ऑक्टोबर २०२४ पासून एचएमआरसी दाव्यासोबतच पुरावा मागते. प्रत्येक फेरीची तारीख, निघाल्याचा आणि पोचल्याचा पोस्टकोड, कशासाठी गेलात आणि किती मैल. पूर्वी नुसता आकडा लिहून पैसे यायचे, तो काळ गेला. माझ्याकडे आलेल्या एका कम्युनिटी नर्सने वर्षभर दर आठवड्याला '१२० मैल' असं लिहिलेलं होतं, ख्रिसमसच्या आठवड्यातही आणि ती सुट्टीवर भारतात होती त्या आठवड्यांतही. बाई अत्यंत प्रामाणिक, खरे मैल कदाचित जास्तच असतील. पण त्या कागदावर मी दावा पाठवू शकले नाही. आम्ही दोघींनी तीन शनिवार बसून तिच्या ड्युटीच्या याद्या, फोनमधला नकाशाचा इतिहास आणि कंपनीच्या मायलेज क्लेमच्या प्रती ताडून नवा तक्ता केला. तो मात्र टिकला.

तुमच्याकडे यातलं बरंचसं आयतं असणार. कंपनी २५ पेन्स देते, म्हणजे दर महिन्याला तुम्ही कुठेतरी मैल भरता. ते तक्ते उतरवून घ्या, आजच. नोकरी सोडली की ॲपचं लॉगिन बंद होतं आणि मग ते मिळवायला महिनोन् महिने जातात. पेशंटची नावं तक्त्यात लिहू नका, त्यांची खासगी माहिती बाहेर जाता कामा नये. पोस्टकोड आणि 'होम व्हिजिट' एवढं पुरतं. पुढच्या वर्षासाठी गाडीत एक वही ठेवा किंवा फोनवर साधा तक्ता करा. माझी एक अशील प्रत्येक फेरीनंतर स्वतःलाच एक ओळीचा व्हॉट्सॲप पाठवते. चार वर्षांत तिचा एकही दावा परत आलेला नाही.

फॉर्मचं नाव पी८७. वर्षाचा एकूण मागितलेला खर्च २,५०० पौंडांच्या आत असेल तर हाच फॉर्म. त्यावर गेला तर सेल्फ असेसमेंट रिटर्न, म्हणजे वर्षाचा सगळा हिशेब स्वतः देणारं विवरणपत्र, भरावा लागतो. जे आधीपासून रिटर्न भरतात त्यांनी रक्कम कितीही असली तरी ती रिटर्नमधल्या नोकरीच्या पानावरच घालायची. तुमचे १,२८० आहेत, म्हणजे पी८७. नॅशनल इन्शुरन्स नंबर, कंपनीचा पीएवायई रेफरन्स, म्हणजे पगारातून कर कापण्यासाठीचा तिचा क्रमांक (वर्षअखेरीस मिळणाऱ्या पी६० या कर-दाखल्यावर असतो), मैल, कंपनीने दिलेली रक्कम आणि नोंदींचा तक्ता एवढं लागेल. त्याच फॉर्मवर बाकीचं राहून गेलेलंही मागून घ्या. कंपनीच्या लोगोचा युनिफॉर्म तुम्ही घरीच धूत असाल आणि त्याचे पैसे मिळत नसतील, तर त्यासाठी वर्षाला ठरावीक ६० पौंडांची वजावट आहे. हातात येतात १२ पौंड, पण ओळ एकच लिहायची असते.

मागच्या वर्षांचं चार वर्षांपर्यंत मागता येतं, ते कर वर्ष संपल्यापासून मोजून. म्हणजे २०२२-२३ चा दावा ५ एप्रिल २०२७ पर्यंत, २०२४-२५ चा ५ एप्रिल २०२९ पर्यंत. ही तारीख एक दिवसानेही पुढे सरकत नाही. मी स्वतः २०१३ मध्ये एका लहान अकाउंटन्सी फर्ममध्ये नोकरीला लागले तेव्हा ऑडिटसाठी गावोगाव स्वतःच्या जुन्या गाडीने फिरायचे आणि फर्म ३० पेन्स द्यायची. उरलेल्या १५ पेन्सबद्दल मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कळलं ते मे २०१८ मध्ये. २०१३-१४ ची मुदत एक महिन्यापूर्वी संपली होती. सर्वात जास्त फिरले होते तेच वर्ष गेलं.

मागच्या वर्षांचा परतावा थेट मिळतो. चालू वर्षासाठी एचएमआरसी सहसा टॅक्स कोड (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणारा क्रमांक) बदलते. तुमचा कोड १२५७एल असेल आणि १,२८० ची सवलत त्यात घातली तर तो १३८५एल होईल, आणि दर महिन्याच्या पगारातून थोडा कमी कर कापला जाईल. इथे सावध राहा. हा वाढीव कोड पुढच्या वर्षीही तसाच चालू राहू शकतो. तुम्ही वॉर्डात बदली घेतलीत, मैल थांबले किंवा कंपनीने दर वाढवला, तर एचएमआरसीला लगेच कळवा. नाहीतर दीड-दोन वर्षांनी कमी भरलेल्या कराचं पत्र येतं आणि ते पैसे पगारातून परत जातात.

मिस्टरांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांचं कायमचं ठिकाण नॉटिंगहॅम, डर्बी तात्पुरतं, म्हणून घर ते डर्बी हे मैल वरवर पाहता बसतात. पण तात्पुरतं कधीपर्यंत? एखाद्या ठिकाणी कामाचा ४० टक्के किंवा अधिक वेळ जात असेल आणि ते २४ महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर ते ठिकाण कायमचं ठरतं. पाचातले दोन दिवस म्हणजे बरोबर ४० टक्के, ते काठावरच उभे आहेत. आणि २४ महिने पूर्ण व्हायची वाट बघायची नसते. प्रोजेक्ट तीन वर्षांचा आहे हे पहिल्या दिवशीच माहीत असेल, तर पहिल्या दिवसापासून सवलत नाही. दीड वर्षाचा होता आणि दहाव्या महिन्यात तीन वर्षांपर्यंत वाढवला, तर वाढल्याचं कळलं त्या दिवसापर्यंतचे मैल बसतात, पुढचे नाहीत. ती मुदतवाढीची ईमेल जपून ठेवायला सांगा. आठवड्यातून एकच दिवस जात असते तर ही कात्री लागलीच नसती. आणि क्लायंटचं ऑफिस डर्बीऐवजी नॉटिंगहॅममध्येच दोन गल्ल्या सोडून असतं, तर तो नेहमीचाच प्रवास धरला गेला असता.

त्यांना आणखी एक विचारा: गाडी कुणाची? आयटीतले बरेच जण हल्ली सॅलरी सॅक्रिफाइसवर विजेची गाडी घेतात. हप्ता पगारातून जातो म्हणून ती आपलीच वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने ती कंपनीची गाडी. तिला ४५ पेन्सचा हिशेब लागू होत नाही. कामाच्या मैलांसाठी स्वतःच्या खिशातून वीज भरली असेल आणि कंपनीने ती दिली नसेल, तर तेवढ्या प्रत्यक्ष खर्चापुरतीच सवलत मागता येते. ती गाडी येण्याआधी स्वतःच्या गाडीने डर्बीला गेले असतील तर ते मैल मात्र ४५ नेच.

याउलट गोष्टही सांगते, ती बऱ्याच जणांच्या फायद्याची आहे. काही कंपन्या दरमहा ठरावीक 'कार अलाउन्स' देतात, त्यावर पगारासारखा कर कापतात आणि वर मैलाला १४-१५ पेन्स देतात. लोकांना वाटतं, अलाउन्स मिळतोय म्हणजे सवलत नाही. तसं नाही. मैलांशी न जोडलेला, कर कापून दिलेला भत्ता या वजाबाकीत धरायचा नसतो. १४ पेन्स मिळत असतील तर उरलेल्या ३१ पेन्सवर दावा होतो.

अम्ब्रेला कंपनीमार्फत (कामगार आणि क्लायंट यांच्यामध्ये राहून पगार देणारी मध्यस्थ कंपनी) काम करणाऱ्यांनी मात्र माझं हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. ६ एप्रिल २०१६ पासून, क्लायंटच्या देखरेखीखाली किंवा सूचनेनुसार काम करणाऱ्यांना घर ते क्लायंट या प्रवासावर सवलत मिळत नाही. एजन्सीतर्फे एका वेळी एकाच हॉस्पिटलात शिफ्ट करणाऱ्या नर्सेसचंही साधारण तसंच, ते हॉस्पिटल त्या कामापुरतं कायमचं ठिकाण ठरतं.

फेसबुकवर 'तुमचा टॅक्स रिफंड आम्ही मिळवून देतो' अशा जाहिराती दिसतील. परताव्यातला मोठा वाटा त्यांचा असतो, आणि दावा चुकला तर पैसे परत करायची जबाबदारी तुमची. पूर्वी अशा काही फर्म सहीच्या एका कागदावर तुमचा परतावा स्वतःच्या नावे करून घ्यायच्या. १५ मार्च २०२३ पासून तसं करता येत नाही, पण कमिशन चालूच आहे. वर सांगितलेल्या कागदांवर तुम्ही एका रविवारच्या दुपारी फॉर्म भरू शकता. तो एचएमआरसीकडे भरायला काहीही फी नाही.

गाडीच्या विम्यात 'बिझनेस यूज' आहे का, ते आजच बघा. नुसतं घर-ऑफिस असेल आणि पेशंटकडे जाताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आणि शेवटचं. २५ पेन्सवरून ४५ वर जायला तुमच्या कंपनीला कायद्याची कुठलीही आडकाठी नाही. पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्सपर्यंत दिलेल्या रकमेवर ना तुम्हाला कर, ना नॅशनल इन्शुरन्स, ना कंपनीला तिचा हिस्सा. एचएमआरसीकडून तुम्हाला २५६ पौंड मिळतील, कंपनीने दर वाढवला तर वर्षाला १,२८० च्या १,२८० मिळतील. ४५ देण्याची सक्ती नाही, हेही खरं. पण दोन पेशंटमधल्या प्रवासाचा वेळ किमान वेतनाच्या तासांत धरावाच लागतो, आणि कामासाठी खिशातून गेलेला, भरून न मिळालेला खर्चही किमान वेतन तपासताना तुमच्या पगारातून वजा होतो. तुमच्या स्लिपमध्ये प्रवासाचे तास दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर अकास या नोकरीतल्या हक्कांबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेच्या मोफत हेल्पलाइनवर आधी बोला. मग तुम्ही पाच-सहा जणी मिळून, प्रत्येकीचे मैल आणि फरक लिहून, मॅनेजरला लेखी पत्र द्या. पुढच्या वर्षाचं बजेट ठरायच्या आधी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत द्या. मसुदा लागला तर मला पाठवा, मी बघून देईन.